एमजीबीला १९५/६० आर १५ टायर बसतील का? तारेची चाकं आहेत

वडाळ्याची_स्नेहल
सासऱ्यांची १९७१ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आता माझ्याकडे आलीय. तारेची चाकं, मधोमध हातोडीने ठोकून काढायचा नट, टायर १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिमी, कडेची उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची). रविवारी पहाटे वडाळ्याहून निघते, मरीन ड्राइव्ह, मग कोस्टल रोड, आणि गर्दी व्हायच्या आत घरी. गेल्या पावसाळ्यात पेडर रोडच्या उतारावर ब्रेक लावला की मागचा भाग सरकायचा. कुर्ल्याला एका टायरवाल्याला दाखवली, तर म्हणाला, "मॅडम, ये सायकल का टायर निकालो. पंद्रह इंच का अलॉय, एकसौ पंचानवे साठ डालो, रोड पे चिपक जायेगी." मागच्या मडगार्डची आतली कड ठोकून वर वळवावी लागेल म्हणे. नवऱ्याचं मत, काही करू नकोस. पण चालवते मी. कोणी केलंय का हे?

राणे_गिरगाव
माझी साध्या चार बोल्टच्या चाकांची जीटी, म्हणजे बंद टपाची एमजीबी. साडेपाच इंची अलॉयवर १८५/७० आर १४ आहेत, दिसते झकास. फक्त दोन माणसं मागे कोंबली की खड्ड्यात डावं मागचं टायर घासतं. उजवं कधीच नाही, का ते देव जाणे.

लेथवाले_काका_मुलुंड
राणे, देवाला कशाला मध्ये आणता! एमजीबीचा मागचा एक्सल बहुतेक गाड्यांत बॉडीच्या बरोबर मधोमध बसत नाही, डाव्या बाजूला जागा कमी राहते. म्हणून टायर बसतं की नाही हे नेहमी डावीकडे मागे बघायचं, आणि तेही गाडी जॅकवर असताना नाही. माणसं बसवून, ते चाक फुटपाथवर चढवून मग मडगार्डच्या कमानीत बोटं घालायची.

स्नेहल, तुझ्या टायरवाल्याला एक विचार: अलॉय बसवणार कशावर? तुझ्या हबवर, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागावर, बोल्ट नाहीतच, खाचा आहेत, त्यावर चाक सरकतं. अलॉय घालायचे तर आधी हब बदला नाहीतर अडॅप्टर शोधा. तारेच्या चाकांचा मागचा एक्सल राण्यांच्यापेक्षा अरुंदही असतो, त्यामुळे त्यांना बसलं ते माप तुला जसंच्या तसं लागू होत नाही. आणि आत्ताच्या रिमवर रुंद टायर चढवू म्हणशील, तर साठ तारांचं असलं तर ते साडेचार इंची आहे. १९५/६० ला किमान साडेपाच इंच रिम लागतं. नाहीतर टायरची पोटं बाहेर येतात आणि वळणावर गाडी डोलते.

आता मूळ दुखणं. पावसात गाडी घसरते म्हणून रुंद टायर, हे मला पटतच नाही. ही गाडी जेमतेम साडेनऊशे किलोची. तेवढंच वजन जास्त रुंदीवर पसरलं की प्रत्येक इंचावर दाब कमी पडतो, पाणी बाजूला सारणं अवघड होतं. कोस्टल रोडच्या तळलेल्या पापडासारख्या कोरड्या डांबरावर रुंद टायर छान वाटेल, पण तुझी तक्रार तिथली नाही. ही गाडी कारखान्यातून निघाली १५५ किंवा १६५ वर, आणि त्या काळी लोकांनी ती जोरातच चालवली.

दोन गोष्टी बघून ये. टायरच्या कडेला 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. रविवारच्या गाडीची नक्षी झिजत नाही, रबर मात्र कडक होत जातं. दुसरं, मागचे ब्रेकचे ड्रम उघडून घे. एक्सलच्या सीलमधून तेल शूजवर, म्हणजे ड्रमच्या आतल्या ब्रेकच्या पट्ट्यांवर, आलं असलं तर एक बाजू धरते, एक सुटते. गाडी सरकते ती दर वेळी एकाच बाजूला का, ते आठवून बघ.

वडाळ्याची_स्नेहल
काका, चारही टायरवर २३११. म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा? नक्षी नव्यासारखी आहे! आणि हो, मागचा भाग नेहमी डावीकडेच जायचा. ड्रम मेकॅनिककडे दाखवते. पण खरं सांगू, थोडी भरदार दिसावी हीही इच्छा आहेच.

आरटीओ_प्रेमी
गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे. २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी, म्हणजे नंबरात व्हीए अक्षरं, कधी घ्यायची असेल तर चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन मूळ रूपातच हवं. चाकं परत बदलता येतात, ठोकलेली कमान नाही. मात्र व्हीए घेतलंत तर रविवारच्या फेऱ्या विसरा. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

लेथवाले_काका_मुलुंड
बरोबर. आणि कड ठोकताना जुना रंग फुटतो, पाणी शिरतं, मुंबईच्या खाऱ्या हवेत पुढचं सांगायला नको.

स्नेहल, भरदार हवी असेल तर बहात्तर तारांचं साडेपाच इंची रिम मिळतं. ते थेट तुझ्याच हबवर बसतं. त्यावर १८५/७० आर १४ घाल. साधारण ६१५ मिमी उंची येते, तुझ्या १६५/८० ची ६२०, म्हणजे स्पीडोमीटरही फारसा खोटं बोलणार नाही. पण आधी डावीकडचं माप घे. आणि रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना मागून 'टक' आवाज येतो का ऐक. येत असेल तर हबच्या खाचा झिजल्यात, त्यावर जास्त पकडीचं टायर घालणं म्हणजे त्या आणखी लवकर खाणं. पार्किंगला स्टिअरिंगही जड होईल, पॉवर स्टिअरिंग नाही हे लक्षात ठेव.

मला विचारशील तर या पावसाआधी नवे १६५/८० आर १४ घे. जुन्या साध्या स्विफ्ट-डिझायरचं माप आहे, कुठल्याही गल्लीत मिळेल. ट्यूब घालायलाच हवी, तारांच्या टोकांतून हवा जाते. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालताना आतली कागदी लेबलं खरवडून काढायला सांग आणि रिमवर टेप नवी लाव, नाहीतर ट्यूब घासून पंक्चर होते.

वडाळ्याची_स्नेहल
टक येतो, काका. आता आधी हब.