तुमच्या हायस्कूलची ओळख काय होती? अनुभव लिहा

आमच्या गावच्या हायस्कूलला पुढच्या वर्षी ७५ वर्षं होतायत, स्मरणिका काढायचं ठरलंय आणि "शाळेचा इतिहास" हे पान माझ्या गळ्यात पडलंय. ऑफिसातून हाती लागलं काय, तर मुख्याध्यापकांची यादी, देणगीदारांची यादी आणि दहावीच्या निकालाचे टक्के. हे वाचून कोणाला आपली शाळा आठवेल असं काही वाटत नाही बुवा. म्हणून विचारतोय, तुमची शाळा तुमची कशामुळे वाटायची? झेडपीची, सरकारी, संस्थेची, कुठलीही चालेल. लांबलचक लिहिलंत तरी वाचेन.

रयतवाला
आमची शाळा रयत शिक्षण संस्थेची, त्यामुळे आमच्याकडे इतिहास म्हणजे अण्णाच, कर्मवीर भाऊराव पाटील. २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती, बैलगाडी सजवून त्यात भाऊराव पाटलांचा फोटो आणि मागे लेझीम, ढोल, अख्खं गाव. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात संस्था निघाली, वटवृक्ष हे बोधचिन्ह, अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं, हे सगळं आम्हाला पाठ होतं, पण पाठ होतं म्हणून समजलं होतं असं नाही. समजलं ते घरी. आमची आई एकदा डब्याची भाकरी बांधता बांधता म्हणाली, परक्याच्या पोरांसाठी मंगळसूत्र मोडायचं म्हणजे काय खाऊ आहे का रे, आणि नंतर बराच वेळ काही बोललीच नाही. स्वतःच्या शाळेची तारीख मला आजही सांगता येणार नाही, संस्थेची मात्र झोपेतून उठवून विचारा.

पागेतली
पुण्यात एच.एच.सी.पी. हायस्कूल कुठे म्हणून विचाराल तर चार जण डोकं खाजवतील, हुजूरपागा म्हणा, लगेच हात दाखवतील. ते मोठं नाव आम्ही फक्त दाखल्यावर आणि प्रगतिपुस्तकावर बघायचो. पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती त्या जागेवर शाळा, म्हणून हे नाव. मुलींची शाळा, १८८४ सालची, न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशा मंडळींनी खटपट करून काढलेली, आणि नाव पडलं घोड्यांवरून! मामा लोकांचे त्यावरचे विनोद तीन पिढ्या तेच, आजीला सांगितलेला मलाही सांगितला. पण अनोळखी बाई कुठे भेटली आणि "तू पण पागेतली?" म्हणाली की पुढची पंधरा मिनिटं गेलीच समजा.

नाव नको
मला गोड काही लिहिता येणार नाही. आमच्या शाळेत नादारीवाल्या, म्हणजे गरिबीमुळे फी माफ असलेल्या मुलांची नावं वर्गात उभं करून वाचायचे. स्मरणिकेत हे पण छापणार का?

जुनी अकरावी
१९७५. जुन्या अकरावीची शेवटची बॅच आणि नव्या दहावीची पहिली बॅच एकाच वर्षी बोर्डाला. मी अकरावीत, धाकटा भाऊ दहावीत, घरात कंदील एक आणि अभ्यासाला दोघं, त्यात तो मोठ्याने वाचणारा. दोघं एकदमच सुटलो, म्हणजे माझं एक वर्ष जास्तीचं गेलं, हे तो अजून लग्नाकार्यात सगळ्यांना सांगतो. शाळेला मात्र ते लागलं. अकरावीचा वर्ग रिकामा झाला, त्यात मोडके बाक टाकले, दारावरची पाटी तशीच. सगळ्यात वरचा वर्ग म्हणून काय रुबाब होता त्या खोलीचा!

निवृत्त क्लार्क
मी २२ वर्षं एका हायस्कूलच्या ऑफिसात काढली, त्यामुळे माझं उत्तर थोडं वेगळं. शाळेचा इतिहास जनरल रजिस्टरात असतो. लोक येतात जन्मतारखेसाठी. निम्म्या गावाची १ जून, कारण पहिलीत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली, तीच प्राथमिकच्या दाखल्यावरून आमच्याकडे उतरलेली, आणि त्याच तारखेच्या हिशोबाने माणसं पुढे रिटायर झालेली. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायचं निघालं तेव्हा तर रोज रांग. शेजारच्या जुन्या मराठी शाळेची रजिस्टरं मोडीत, वाचायला बाहेरून माणूस आणला.
पण मी म्हणतो तो रकाना शेवटचा, "शाळा सोडल्याचे कारण". एरवी तिथे "उत्तीर्ण", "गाव बदलले". १९७२-७३ ची पानं काढलीत तर दुष्काळ डोळ्यांनी दिसतो, ओळीखाली ओळ "सतत गैरहजर सबब नाव कमी", सगळं एकाच हाताचं, एकाच निळ्या शाईचं. पहिल्या चार-पाच ओळी नीट अक्षरात, मग लिहिणाऱ्याने नुसतं खाली खाली वरीलप्रमाणेच्या खुणा केल्यात. ही पोरं खडी फोडायला गेली होती. त्यातला एक गडी वयाच्या साठीत दाखला न्यायला आला, मी रजिस्टर त्याच्यापुढे फिरवलं, त्याने त्या खुणेवर बोट ठेवलं आणि विचारलं, साहेब, माझं कारण लिहिलेलंच नाही का?

धागा काढणारा
क्लार्क साहेब, उद्याच शाळेत जातो. ७२ चं रजिस्टर दाखवतील का पण? आणि "नाव नको", तुमचं मी कमिटीपुढे ठेवणार, अध्यक्ष तोंड वाकडं करतील तर करू देत.

निवृत्त क्लार्क
मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज द्या, म्हणजे नंतर कोणी काही म्हणायला नको. पण कपाट कुठलं ते ऑफिसात विचारत बसू नका, सगळ्यात जुन्या शिपाईमामांना गाठा. आणि पानं खालच्या कोपऱ्याला धरून उलटा, वरचे कोपरे वाळवीने खाल्लेले असतात.