हजेरीतली 'श्रीमती' आणि मांगपुऱ्याची पाटी

पऱ्हाटी (धागा सुरू करणारा)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी संगणक परिचालक आहे. ठराव टाईप करणं, दाखले काढणं, अन् सरपंच नसले की लोकांच्या शिव्या खाणं हे माझं काम. 1 मेच्या ग्रामसभेत जे झालं ते सांगतो, मग भांडा.

हजेरी मी वाचत होतो. आमच्या रजिस्टरात नवरा असलेल्या बाईच्या नावाआधी 'सौ.', नसलेल्या बाईच्या नावाआधी 'श्रीमती'. शब्दकोशात श्रीमतीचा अर्थ काही का असेना, गावात एकच आहे. एका बाईचं नाव मी 'श्रीमती' म्हणून वाचलं. 26 जानेवारीच्या सभेत तिलाच मी 'सौ.' वाचलं होतं. तिनं पदर सारखा केला अन् सही न करताच मागं खांबाजवळ जाऊन बसली.

त्यावर बचत गटातल्या एका बाईनं ठराव मांडला की यापुढं ग्रामपंचायतीच्या कागदावर सौ., श्रीमती, कुमारी काही नको, नुसतं नाव. लगेच मागून एक पोरगा उठला, मग मांगपुऱ्याचंही नाव बदला, वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा 2020 चा शासन निर्णय आहे. तिसऱ्याला आठवलं की ग्रामसेवकाला आता 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचं असतं. दोन तास गेले. पाणीटंचाईचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेत. मे महिन्यात!

माझं मत विचाराल तर सौ.-श्रीमती काढलं ते बरोबर. बाकी नावं बदलायचं खूळ म्हणजे काम न करण्याची सोय. पाटी 800 रुपयांत होते, त्याच वस्तीतली नाली करायला चार लाख लागतात. पाटी लागली की फोटो निघतो, अन् नाली तशीच तुंबून राहते.

कास्तकार

सौ. काढलं ते बी चूकच हाय बाप्पा. माया मायच्या नावाआधी पत्रिकेत सौ. नसन तं ते पत्रिका चुलीत घालते. मान हाय तो. कोनाले वाईट वाटते म्हनून सगळ्याईचा मान काढाचा का?

अन् अपंगाचं दिव्यांग केलं, त्यानं काय झालं? ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के त्याईच्यासाठी खर्च करा लागते, हे किती सरपंचाईले मालूम हाय? आमच्या इथल्या लंगड्या भावाले (हो, तो सोताच तसं म्हनते) दिव्यांग म्हटल्यावर तो हासते. म्हने, नाव दिव्य झालं, आता तीनचाकी कधी देता?

समतानगरवाली

पऱ्हाटी, पाटी 800 रुपयांची म्हणून तुला हलकी वाटते, कारण तुझ्या पत्त्यात तुझी जात नाही.

बारावीनंतर होस्टेलचा फॉर्म भरला. खिडकीतल्या बाबूनं पत्ता मोठ्यानं वाचला, वस्तीच्या नावाशी थांबला, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं अन् मग पुढं वाचला. रांगेत माझ्यामागं पंधरा पोरी. बोलला काहीच नाही, म्हणून तक्रार तरी कशाची करणार? कुणी तोंडावर जातीवरून बोललं तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. पण ती शिवी रेशनकार्डावर, आधारवर, टीसीवर सरकारच छापून देत होतं, त्याचं काय करायचं? डिसेंबर 2020 च्या निर्णयानं तेवढं तरी म्हटलं की अशी नावं काढा, समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी ठेवा.

नाली पण पाहिजे. नाली अन् नाव यातलं एकच मिळेल असं कुणी ठरवलं? पाटीलपुऱ्यात दोन्ही आहे.

कास्तकार

ताई, राग नको. पन समतानगर म्हटलं की पाच कोसावरच्या मानसाले बी समजते कोनती वस्ती. धा वर्षानं समतानगर बी बदलसान का?

समतानगरवाली

बदलू. तेव्हाही 800 रुपयेच लागतील.

पळसफूल

मी वर्धा जिल्ह्यातला. थोडं वेगळं सांगतो, कारण दोघंही समजून चालले आहात की वस्तीचं नाव म्हणजे दुसऱ्यानं चिकटवलेलंच.

आमच्या गावात बौद्धपुरा आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्या माणसांनी जुनं नाव टाकून हे ठेवलं. माझे आजोबा त्यात होते. पोस्टमन जुन्या नावानं पत्र आणायचा तर ते घेत नसत, 'या नावाचं गाव इथं नाही' म्हणून परत पाठवत. आता सरकारी यादीत महारवाडा अन् बौद्धवाडा एकाच ओळीत, दोन्ही जातिवाचक, दोन्ही बदला. पहिलं गावानं आमच्या कपाळी मारलेलं, दुसरं आम्ही कमावलेलं. ग्रामसभेत आम्ही हात वर करून सांगितलं, याला हात लावायचा नाही.

तसंच कोलामांचा पोड अन् पारध्यांचा बेडा, म्हणजे त्यांच्या वस्त्या. पोड हा शब्द कोलामांचा स्वतःचा, त्यात कमीपणा काय? बेड्याचं मात्र दुखणं निराळं. गुन्हेगार जमातींचा 1871 पासूनचा कायदा 1952 साली गेला, त्यातल्या जमातींना कागदावर 'विमुक्त' म्हणू लागले. पण गावात मोटरपंप चोरीला गेला की जीप अजून आधी बेड्यावरच जाते. तिथं पाटी बदलून जीपचा रस्ता बदलणार नाही, एवढं पऱ्हाटीचं बरोबर. मात्र बदलायचं की नाही हे वस्तीनं ठरवावं. तुमच्या सभेत मांगपुऱ्यातलं कुणी बोललं का, की ठराव मांडणारा पोरगा दुसऱ्याच पुऱ्यातला होता?

पऱ्हाटी

दुसऱ्याच पुऱ्यातला. खरं आहे. वस्तीतले चौघं आले होते, त्यांनी नालीचंच विचारलं.

जुना फळा

निवृत्त मास्तर आहे, म्हणून जरा लांबण लावतो. नवे शब्द सगळेच पुढं नेतात असं नाही. एप्रिल 2023 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणण्याबाबत प्रस्ताव तयार करायला सांगितलं होतं. टीका झाली तेव्हा नुसती चर्चा होती असं सांगण्यात आलं. आमच्या लहानपणी लग्नपत्रिकेत विधवा आजीच्या नावाआधी गं. भा. असायचंच. म्हणजे आदराचा वाटणारा नवा शब्द हाच जुना शिक्का.

त्याच्या आदल्या वर्षी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं शब्दाच्या मागं न लागता प्रथा धरली. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद, असा ठराव. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्याकडं किती गावांनी केला, ते आपापल्या गावात विचारा.

शिलाई मशीन

खूप दिवस नुसती वाचते. आज लिहिते.

मला 'श्रीमती'नं काही झालं नाही. 'विधवा'नं पण नाही, आहे मी. मला लागला तो शब्द 'अपात्र'.

शेतकऱ्यानं आत्महत्या केली की मदतीसाठी प्रकरण समितीपुढं जातं. मंजूर झालं तर 1 लाख, त्यातले 30 हजार हाती अन् 70 हजार ठेवीत. आमचं वावर मक्त्याचं होतं, कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचं. कागद आला, 'प्रकरण अपात्र'. पैसे गेले ते गेले. पण पुढं गिरणीवर, लग्नात, दवाखान्यात बाया विचारायच्या, 'तुमचं अपात्र झालं ना?' माझा नवरा मरणाच्या परीक्षेत नापास झाल्यासारखं.

आता महिन्याला 'निराधार'चे 1,500 येतात. बँकेत शिपाई ओरडतो, 'निराधारवाल्या बाया इकडं!' मी सकाळी सहाला मशीनवर बसते, दोन लेकरं शिकवते, सासूचं औषधपाणी पाहते. आमच्या घरात आधार कोण आहे मग?

वस्त्यांना पाच-पाच नावं सुचवली सरकारनं. ह्या दोन शब्दांना एक सुचवा कोणी.

कास्तकार

ताई, माया जवळ याच्यावर बोलाले काई नाई.

(सौ.च्या मुद्द्यावर मी हटत नाई, हे वेगळं.)

समतानगरवाली

'अपात्र'ऐवजी 'निकषात बसत नाही' लिहिता आलं असतं. तेवढ्यानं मदत मिळाली नसती, पण दोष निकषांकडं गेला असता.

पऱ्हाटी

आज इतिवृत्त छापलं. हजेरीत 212 नावं, सगळी नुसती. दाखल्यांचे नमुने वरून येतात, त्यातले शब्द मला बदलता येत नाहीत. मांगपुऱ्याचा ठराव मागं घेतलाय, आधी वस्तीतच बैठक. पाणीटंचाईसाठी पुढच्या आठवड्यात खास सभा.

अन् त्या बाईची सही राहिली होती, म्हणून रजिस्टर घेऊन तिच्या घरी गेलो. नव्या यादीत नुसतं नाव आहे ते दाखवलं. तिनं वाचलं, काही बोलली नाही. मग जमिनीवर रजिस्टर ठेवून हळूहळू सही केली. लग्नानंतर बचत गटात शिकलेली एकच सही तिला येते, अन् ती 'सौ.'पासूनच सुरू होते. लिहून झाल्यावर तिच्याच लक्षात आलं. पेन हातात धरून माझ्याकडं पाहत राहिली.

मी रजिस्टर बंद केलं. ठरावाप्रमाणं ते 'सौ.' खोडायला पाहिजे. खोडू का?

समतानगरवाली

हात लावू नको.

कास्तकार

पयल्यांदा ताईशी सहमत.