सांगलीत चांगला पेस्टो कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लेकीला पेस्टो (तुळशीसारख्या बेसिलच्या पानांची इटालियन चटणी) घातलेला पास्ता फार आवडतो, म्हणून विश्रामबागेतल्या एका दुकानातून बरणी आणली. झाकण उघडलं तर वर बोटभर तेल, खाली शेवाळी लगदा, चव नुसती आंबट. लेबलवर सूर्यफूल तेल, काजू, बटाट्याचे फ्लेक्स, बेसिल नावापुरतं. मूळ इटलीतल्या जेनोव्हाच्या पेस्टोत बेसिल, लसूण, पाइन नट्स, चीज, मीठ आणि ऑलिव्ह तेल, बस्स. सब्जाची पानं वाटून पाहिली, पण तो वास काही येत नाही.

सांगली-मिरजेत कुणी खरंच चांगली बरणी आणली आहे का? पेस्टोतल्या अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) असतं आणि आम्ही शाकाहारी, त्यामुळे हिरवा ठिपका हवाच. ब्रँड, दुकान, किंमत सांगा. कोल्हापूरलाही जाईन.