पीएस४ साठी स्वस्तातलं स्टिअरिंग व्हील घेऊ की पॅडच बरा?

लायसन्स_नापास:
मंडळी सल्ला हवाय. पीएस४ (प्लेस्टेशन ४) स्लिम आहे, ग्रॅन टुरिस्मो ७ हा रेसिंग गेम खेळतो, त्यातल्या लायसन्स टेस्टमध्ये महिनाभर ब्राँझवरच अडकलोय. बजेट ८ हजार, ताणून ९. एक व्हील बघून ठेवलंय, २७० डिग्री फिरतं, दोन पेडल, खाली सक्शन कप, ६८०० ला. फोर्स फीडबॅक (मोटरने व्हील हाताला ओढ देतं ते) नाही, नुसतं व्हायब्रेशन. दुसरीकडे एक जण वापरलेलं लॉजिटेक जी२९ व्हील विकतोय, त्यात फोर्स फीडबॅक आहे, १४ हजार म्हणतो. वेगळी खोली नाहीये, हॉलमधल्या डायनिंग टेबलाला लावायचं आणि जेवायच्या आधी काढायचं, नाहीतर आई व्हीलसकट मलाच बाहेर काढेल. पॅडपेक्षा लॅपचं टायमिंग सुधारतं का एवढंच सांगा.

चौथा_गिअर:
टायमिंगसाठीच घेणार असशील तर ते ६८०० राहू दे खिशात. मी असलंच एक घेतलं होतं, कुठलं ते विचारू नको. आत मोटर नसते रे, रबर किंवा स्प्रिंग असते, ती व्हीलला सारखी मधे ओढते, मग गाडी सरळ चाललेली असो नाहीतर मागून सुटलेली असो हाताला सगळं सारखंच लागतं. फोर्स फीडबॅक असलं की पुढच्या टायरची ग्रिप गेल्यावर स्टिअरिंग हलकं पडतं, मागची चाकं सुटली की ते आपणहून उलट्या बाजूला पळायला बघतं, म्हणजे काउंटर मारायचाय (उलटं वळवून गाडी सावरायचीय) हे डोळ्याच्या आधी हाताला कळतं. व्हायब्रेशनमधून यातलं काही कळत नाही, सायलेंटवरचा फोन टेबलावर वाजतो तसं घुर्रर्र होतं फक्त.

आणि अशी बरीच व्हील्स कन्सोलला मी पॅड आहे असंच सांगतात. तू व्हील फिरवतोस, गेमला वाटतं डावी स्टिक ढकलली. त्यामुळे मधे थोडं फिरवलं तर काहीच नाही आणि मग एकदम गचकन वळते. सुझुका ट्रॅकच्या सुरुवातीच्या त्या नागमोडी वळणांत मी तीन दिवस वाळूतच होतो, चौथ्या दिवशी पॅड घेतला आणि पहिल्या लॅपला सुटलो.

पप्पा_पिटलेनमध्ये:
सगळ्यांनाच टायमिंग नको असतं हो. आमच्याकडे असलंच साधं व्हील आहे, मुलगा नऊ वर्षांचा, स्विफ्ट स्पोर्ट घेऊन ब्रँड्स हॅच ट्रॅकवर फिरतो (आमची खरी गाडीपण स्विफ्टच, त्यामुळे त्याला जास्तच भारी वाटतं). रेस किती द्यायची, ब्रेक हळू कसा सोडायचा हे पायाला कळायला लागलंय त्याच्या. तेवढ्यासाठी पैसे वसूल.

पण सक्शन कपवर विश्वास ठेवू नका. सनमायका असेल तर कप जरा ओला करून दाबला की धरतो, सागवानी टेबलावर दोन वळणांत सुटतो. क्लॅम्पवालंच बघा. आणि पेडलचं आधीच सांगून ठेवतो, गुळगुळीत फरशीवर जोरात ब्रेक मारला की पेडल पुढे जातात आणि चाकाची खुर्ची मागे, आपण मधे लोंबकळत. पेडलच्या मागे भिंतीपर्यंत एक फळी टाकली आणि खाली जुनी योगा मॅट. खुर्चीच्या चाकांत जुने बूट अडकवलेत, दिसतं वाईट पण हलत नाही.

ब्रेकफेल_भाऊ:
जी२९ च बघ, पण पैसे देण्याआधी चार गोष्टी तपास. नाव जी२९ च आहे ना? जी९२० दिसायला जवळपास तसंच असतं पण ते एक्सबॉक्सचं, प्लेस्टेशनवर चालणार नाही. विकणाऱ्याने "सेमच आहे" म्हटलं तरी ऐकू नको. वरचा छोटा स्विच पीएस४ वर हवा. कन्सोलला लावलं की ते आपोआप दोन्ही बाजूंना पूर्ण फिरून मधे येतं, तेव्हा कान दे. गिअरवालं आहे म्हणून थोडी खरखर असणारच, पण कुठे अडकत असेल तर सोडून दे.

मग गेम लावून ब्रेक अगदी हळू दाब आणि स्क्रीनवरची ब्रेकची पट्टी बघ. उड्या मारत असेल तर आतल्या सेन्सरमध्ये धूळ गेलीये. ते काँटॅक्ट क्लीनर स्प्रेने बहुतेक वेळा सुटतं, पण भाव पाडायला चांगलं कारण आहे 😄 ब्रेकच्या खाली रबराचा ठोकळा असतो, अर्ध्यापुढे पेडल दगडासारखं लागतं, ते बिघडलेलं नाही, तसंच असतं. टायमिंग खरं तिथेच आहे, ब्रेक किती दाबला ते पाय लक्षात ठेवतो, बोटाला ते जमत नाही.

पुढे पीएस५ घेणार असशील तरी जी२९ तिथे चालतं. पॅड असल्याचं भासवणारं व्हील मात्र पीएस५ च्या गेममध्ये अडतं, कारण पीएस४ चा पॅडच तिथे चालत नाही.

लायसन्स_नापास:
घेतलं!! पट्टी खरंच उड्या मारत होती, भाऊंचं नाव न घेता भाऊंचीच वाक्यं टाकली आणि १२५०० ला सुटलं. बजेटची वाट लागली, दोन महिने बाहेरचं खाणं बंद. स्प्रे मारला, पट्टी आता गुमान वर जाते. पण पहिल्या आठवड्यात पॅडपेक्षा ४ सेकंद हळू आहे, हे नॉर्मल आहे का? फोर्स फीडबॅकचा टॉर्क १० वर ठेवला होता, दंड भरून आले.

चौथा_गिअर:
नॉर्मल. टॉर्क ४-५ वर आण, जोरात ओढतंय म्हणजे जास्त कळतंय असं नसतं. आणि पंधरा दिवस पॅड कपाटात टाक, दोन्ही आलटून पालटून खेळलास तर एकही धड येणार नाही.

लायसन्स_नापास:
ओके. शेवटचा प्रश्न, डावीकडच्या क्लचचं काय करू?

ब्रेकफेल_भाऊ:
क्लच गिअरच्या दांडीसोबतच कामाला येतो, आणि ती वेगळी विकत घ्यावी लागते. तोपर्यंत डावा पाय टेकव त्यावर.