मदत हवी आहे: लिंगवर्धनाच्या मालिशवर धड संशोधन आहे का?

मंडळी, माझ्या मावसभावाचं लग्न ठरलंय. कुणाचं तरी ऐकून तो रोज तेल लावून 'जेल्किंग' (लांबी वाढावी म्हणून लिंग ओढून चोळायची मालिश) करतो. त्वचेवर लाल ठिपके उमटलेत, दुखतंही, तरी थांबत नाही. 'डॉक्टरांना यातलं काय कळतंय?' म्हणतो. मी वाचलं त्यात या मालिशच्या भरवशाच्या चाचण्या सापडल्या नाहीत. ताण देणाऱ्या उपकरणांवर थोडा अभ्यास आहे, तोही बराचसा पेरोनीच्या आजारात (यात लिंगात कडक चट्टा होऊन ते वाकडं होतं). २०१५ च्या एका आढाव्यात पंधरा हजारांवर पुरुषांची मोजमापं होती; ताठर लांबीची सरासरी १३.१२ सेंमी. हा आकडा सांगूनही त्याची भीती जात नाही, याचंच वाईट वाटतं.

आधी यूरोलॉजिस्टकडे न्यावं की समुपदेशकाकडे? पुण्यात न हसता, न रागावता ऐकून घेणारं कुणी माहीत आहे का?