नागिणीची लस सरकारी खर्चाने द्यावी का?

कृष्णाकाठ :
नागिणीचा रुग्ण क्वचितच रुग्णालयात दाखल होतो आणि म्हणूनच या आजाराचा आरोग्यव्यवस्थेवरचा भार कोणाच्या हिशेबात येत नाही. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू चेतापेशींत दडून राहतो आणि वाढते वय, कर्करोगाचे उपचार किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती उणावली की शरीराच्या एका बाजूला फोडांच्या पट्ट्याच्या रूपाने उमटतो. फोड काही आठवड्यांत सुकतात. पण अनेक वयस्क रुग्णांची आग तीन महिन्यांनंतरही शमत नाही आणि त्यांची त्वचारोग विभागापासून मेंदूविकार विभागापर्यंत फरपट सुरू होते. डोळ्याभोवती नागीण उठली, तर दृष्टीही धोक्यात येते.

इंग्लंडने २०१३ मध्ये सत्तरीच्या नागरिकांसाठी लसीकरण सुरू केले. पहिल्या पाच वर्षांत नागिणीसाठी डॉक्टरांकडे होणाऱ्या भेटी सुमारे ४०,५०० नी, तर रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग सुमारे १,८४० नी घटल्याचा अंदाज आहे. खरा भार कुठे असतो, हे या दोन आकड्यांतील अंतरच सांगते. आपल्याकडे सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांचे संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. मात्र ते मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या, चेतातंतूंची वेदना शमवणाऱ्या प्रेगाबालिनच्या गोळ्या घरच्यांनाच विकत आणाव्या लागतात. ही लस सरकारने द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबी :
वेदनेबद्दल दुमत नाही; आक्षेप प्राधान्यक्रमाला आहे. २०२३ मध्ये भारतात आलेल्या नव्या लसीच्या दोन मात्रांना खासगी दवाखान्यात वीस हजारांहून अधिक खर्च येतो. सरकारला ती दोन हजारांत मिळाली असे धरले, तरी २०११ च्या जनगणनेतील साठीपुढील १० कोटी ३८ लाख लोकांसाठी वीस हजार कोटींहून अधिक रक्कम लागेल. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाबाच्या गोळ्यांचा पुरवठा अधूनमधून तुटतो, त्यांचा विचार आधी व्हायला नको का? असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध स्वस्त आहे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. ते पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हावे लागते आणि नेमके हेच तास आपल्याकडे मंत्राने नागीण उतरवून घेण्यात किंवा गेरूचा लेप लावण्यात जातात. फोडांचा अंगाभोवतीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही भीती अजून गावोगावी आहे. आशा कार्यकर्तीने रुग्ण वेळेत आणला, तर पुष्कळ काम होईल.

प्राजक्त :
हिशेबी यांचा गुणाकार बरोबर आहे, गृहीतक नाही. सर्वांना एकाच वर्षी लस द्या, असे येथे कोणी म्हटलेले नाही. इंग्लंडनेही दरवर्षी ठरावीक वयोगटच घेतले. शिवाय वेळेत दिलेल्या असायक्लोव्हिरने फोड लवकर भरतात, पण मागे राहणारी वेदना त्याने खात्रीने टळत नाही. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीपुढील व्यक्तींमध्ये नव्या लसीने सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीपुढे सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. वेल्समधील नोंदींवरून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सात वर्षांत सुमारे एक-पंचमांशाने कमी आढळले. घरातील वृद्धाची स्मृती गेल्यावर त्या घराचे काय होते, हे मोजायचे कशात?

हिशेबी :
वेल्सचा अभ्यास महत्त्वाचा आहे. परंतु तो जुन्या, जिवंत विषाणूच्या लसीचा आहे आणि तिची जागा आता नव्या लसीने घेतली आहे. त्या आधारावर आज अंदाजपत्रक बांधणे मला घाईचे वाटते. प्रत्यारोपण झालेल्या आणि कर्करोगाच्या रुग्णांपुरती लस सरकारने द्यावी, इथपर्यंत मी येतो.

कृष्णाकाठ :
तेवढ्याने सुरुवात होत असेल, तर मला ती मान्य आहे. मात्र त्याच्या जोडीला जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत नागिणीची आणि तीन महिन्यांपुढे टिकलेल्या वेदनेची स्वतंत्र नोंद सक्तीची व्हावी, म्हणजे पुढचा वयोगट ठरवताना अंदाजावर विसंबावे लागणार नाही.