स्प्लॅश स्क्रीन: शिंतोडा, पडदा की नमन?

देवगडची:
आमच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू ही लिनक्स सिस्टिम. चालू केला की जांभळा पडदा येतो, मधे नाव आणि खाली एकेक करून पेटणारे पाच ठिपके. ह्या स्प्लॅश स्क्रीनला मराठी शब्द हवाय. मशीनशेजारी सूचना चिकटवायची आहे, म्हणून तो शिपायापासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांना कळायला हवा.

झालं असं, पावसात इथे लाईट दिवसातून चारदा जाते. परवा ती आल्यावर शिपायाने मशीन लावलं आणि थोड्या वेळाने मला फोन, "ताई, मशीन अडाकला. नुसते ठिपके नाचतत." मी पोचेपर्यंत गड्याने दोनदा बटण बंद-चालू केलं होतं. तिसऱ्या खेपेला मी सहज एस्केप दाबलं, तर जांभळा रंग गेला आणि मागे पांढऱ्या अक्षरांत डिस्कची तपासणी चाललेली दिसली, टक्के सावकाश पुढे सरकत होते. म्हणजे मशीन राबत होतं आणि आम्हीच दर वेळी मधे वीज तोडत होतो.

मला कुणीतरी 'शिंतोडापट' सुचवलाय. कसा वाटतो?

खाडीपलीकडचा:
नको हो. शिंतोडे उडवणं म्हणजे मराठीत दुसऱ्याच्या अब्रूला हात घालणं. शिवाय इथल्या स्प्लॅशचा पाण्याशी संबंध नाही. इंग्रजी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर ठळक झळकवलेल्या बातमीला स्प्लॅश म्हणतात, कॉमिकमध्ये पानभर चित्र असतं ते स्प्लॅश पेज. झळकणं हा खरा अर्थ. लाट जेटीवर आपटून अंगावर उडते ती कल्पना विसरा.

देवगडची:
मग 'झळकपट'? साबणाची जाहिरात वाटते.

गुहागरकर काका:
ताई, शब्दाआधी एक गोष्ट नीट करून घ्या. पडदे दोन आहेत. पहिला ग्रबचा, म्हणजे सिस्टिम चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, जिथे कोणती सिस्टिम चालू करायची त्याची यादी येते. त्यामागे चित्र लावता येतं. दुसरा प्लिमथचा, म्हणजे सिस्टिम चालू होईपर्यंत चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा, ते तुमचे पाच ठिपके. दोघांना एकच शब्द वापरलात की दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

देवगडची:
काका, अगदी तेच झालंय! गेल्या वर्षी समितीत कुणीतरी बूट काढला की सुरुवातीच्या चित्राच्या जागी विजयदुर्गाचा फोटो लावूया. (मशीन चालू होण्यालाही बूट होणं म्हणतात, तेव्हा बूट काढणे हा वाक्प्रचार इथे किती चपखल बसला पाहा.) एका मुलाने ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये फोटोचा पत्ता टाकला, ती लागू करायला अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवली, पण ठिपके जांभळ्यावरच. फोटो मुळी दिसलाच नाही.

गुहागरकर काका:
एकच सिस्टिम असेल तर ग्रबची यादी लपूनच राहते, मग फोटो दिसणार कुठे? मशीन लावताच जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा, नव्या यूईएफआयवर एस्केप दाबा, यादी येईल. (बायोस काय, यूईएफआय काय, मशीन लावताच सगळ्यात आधी चालणारा मशीनमधलाच प्रोग्रॅम.) ती आली आणि मागे काळंच दिसलं तर फोटो तपासा. प्रोग्रेसिव्ह पद्धतीने साठवलेली जेपीईजी ग्रबला वाचता येत नाही. साधी पीएनजी करून पाहा. जुना ग्रब तर ह्याहून हट्टी होता, ६४० गुणिले ४८० आकार आणि रंग १४, बस्स. किल्ल्याचा बुरूज कुठला आणि समुद्र कुठला, ओळखू यायचं नाही.

ठिपक्यांचं चित्र बदलायचं तर प्लिमथची थीम बदलावी लागते आणि इनिटरामएफएस, म्हणजे सुरुवातीला मेमरीत चढणारा फाइलींचा गठ्ठा, नव्याने बांधावा लागतो. तो वेगळा उद्योग.

कुडाळची सुरंगी:
मधेच तोंड घालते. ग्रब म्हणजे आमच्याकडे हुमणी, मुळं खाणारी अळी. नाव ठेवणाऱ्याला शेती नव्हती वाटतं.

खाडीपलीकडचा:
त्याला भौतिकशास्त्र होतं. ग्रँड युनिफाइड बूटलोडरची आद्याक्षरं आहेत ती, ग्रँड युनिफाइड थिअरीवरून. १९९५ साली एरिक बोलीन यांनी सुरू केलं. आणि 'बूट' आला बुटाला मागे असते त्या ओढायच्या पट्टीवरून. स्वतःचीच पट्टी ओढून स्वतःला वर उचलायचं, ही अशक्य गोष्टीची थट्टा होती. संगणक मात्र रोज तेच करतो.

कुडाळची सुरंगी:
मग पडद्याचा शब्द माझ्याकडून घ्या. दशावतारात आख्यान लागायच्या आधी आडदशावतार असतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुर धुमाकूळ घालतो. तोवर आत रंगपटात आख्यानातला राजा तोंडाला रंग लावत असतो. ठिपके हेच तर करतात! स्प्लॅशला 'आडदशावतार' म्हणा.

गुहागरकर काका:
कल्पना झकास, पण सूचनेला लांब होतो. आमच्या रत्नागिरीकडचं 'नमन' घ्या. सुटसुटीत आहे, आणि उशीर झाला तर 'नमनालाच घडाभर तेल' म्हणायची सोय आपोआप होते.

खाडीपलीकडचा:
नमनात देवांची नावं उघड घेतली जातात हो. इथे उलट झाकाझाक आहे. 'पडदा' जास्त खरा. क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, चालू करणाऱ्या ओळीत असतात म्हणून तो पडतो. ग्रबच्या यादीत ई दाबून ते दोन्ही खोडा आणि एफ १० दाबा, त्या खेपेपुरता पडदा पडत नाही, मागची सगळी अक्षरं दिसतात. कुठे अडलंय ते शोधायला हा पहिला उपाय.

देवगडची:
काका, तुमचा नमन घेते. खाडीपलीकडच्या दादांचं म्हणणं पटतं, पण आमच्या शिपायाला 'पडदा पडला' म्हटलं की त्याला वाटणार खेळ संपला, आणि तो पुन्हा बटण बंद करणार. ग्रबला 'यादी' म्हणते, म्हणजे फोटोवाला मुलगाही वाट चुकणार नाही. सूचना अशी लिहिली आहे, चुका सांगा:

"ठिपके दिसत आहेत तोवर मशीनचे नमन चालू आहे. बटण बंद करू नये. फार वेळ लागल्यास एस्केप दाबावे. अक्षरे सरकत असतील तर थांबावे. सरकत नसतील तर ताईंना बोलवावे."

कुडाळची सुरंगी:
'बोलवावे' की 'बोलावावे'?